निकालाच्या शेवटच्या पानावर दोन ओळी हव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात नक्कल विभागाच्या, म्हणजे निकालाच्या शिक्का मारलेल्या प्रती देणाऱ्या विभागाच्या, खिडकीमागे माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. १९८९ साली लागलो, २०२१ साली निवृत्त झालो. मधली काही वर्षं रेकॉर्ड रूममध्ये आणि नाझराच्या हाताखाली काढली, पण गावातले लोक अजून मला ‘नकलेवाले’ म्हणूनच ओळखतात. निकाल लागला की हरलेला माणूस आधी वकिलाच्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्या खिडकीशी येतो. हातात पिशवी, पिशवीत सातबारा, जुन्या तारखांच्या चिठ्ठ्या, कोर्ट फी स्टॅम्प. त्या खिडकीतून जे वर्षानुवर्षं पाहिलं, त्यातली एक गोष्ट आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. माणसं निकालात हरतात, ते समजू शकतं. पण कितीतरी माणसं निकालानंतरच्या अपिलाच्या तीस दिवसांत हरतात, आणि ते दिवस चालू आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

एका बाईंची हकिगत सांगतो. त्यांची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. नवरा वारलेला, दोन मुलं. दिरानं १ एकर १० गुंठे जमिनीच्या ताब्याचा दावा लावला होता. ८ ऑक्टोबर २०१२ रोजी निकाल लागला, बाईंच्या विरुद्ध. १० तारखेला त्यांनी नकलेचा अर्ज माझ्याच हातात दिला. दसरा २४ तारखेला होता. त्या साली मराठवाड्यात दुष्काळ होता, विहिरींना पाणी नव्हतं, आणि आमच्या भागातून नेहमीपेक्षा जास्त कोयते उसाला निघाले होते. बाईंनी मुकादमाची उचल आधीच घेतलेली. अर्ज देताना त्या म्हणाल्या, “दादा, आम्ही दसरा झाला की फडावर चाललो. आल्यावर नेते नक्कल.” मी म्हणालो, “बरं.”

ते ‘बरं’ माझ्या अजून मनात आहे. मला हिशोब येत होता. नोकरीला लागलो त्या दिवसापासून बजावलं होतं की कारकुनानं कायद्याचा सल्ला द्यायचा नाही. तो नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, कारण अर्धवट सल्ल्यानं माणसं बुडालेलीही मी पाहिली आहेत. पण ‘लवकर न्या, मुदत चालू आहे’ एवढं म्हणायला काही हरकत नव्हती. मी म्हटलं नाही.

नक्कल ३१ ऑक्टोबरला तयार झाली आणि खोक्यात पडून राहिली. बाई तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या फडात होत्या. पाडवा झाल्यावर, १५ एप्रिलला त्या खिडकीशी आल्या, नक्कल घेतली, कपाळाला लावली आणि विचारलं, “आता अपील करायला किती दिवस हायेत?” त्यांची समजूत अशी की नक्कल हातात पडली की दिवस मोजायला लागायचे. ही समजूत त्यांची एकट्यांची नाही. दहातल्या सात-आठ माणसांची हीच असते, असं मी खिडकीच्या अनुभवावरून सांगतो.

खरा हिशोब असा. तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशांच्या अशा निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं ते ठरवलेलं आहे. निकालाचा दिवस मोजायचा नाही. नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस वगळून मिळतात. ‘तयार होईपर्यंत’ हे शब्द नीट वाचावेत. ‘तुम्ही घेऊन जाईपर्यंत’ असं कायदा म्हणत नाही. प्रत्येक नकलेच्या मागे आम्ही तीन तारखा मारायचो: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. तिसरी तारीख पक्षकाराच्या लक्षात राहते, पण मुदत दुसऱ्या तारखेनं ठरते. बाईंचे ३० दिवस ७ नोव्हेंबरला संपत होते. १० ते ३१ ऑक्टोबर हे २२ दिवस मिळवले की २९ नोव्हेंबर येते. त्या खिडकीशी आल्या तेव्हा १३७ दिवस उलटून गेले होते.

मी त्यांना तेव्हा सगळं समजावलं. तोवर उशीर झाला होता. वकिलांनी धावपळ करून २५ एप्रिलला अपील दाखल केलं, सोबत विलंब माफीचा अर्ज. उशीर १४७ दिवसांचा. पुढचा सगळा प्रवास मला कळला तो त्या अर्जाच्या नकला काढायला बाई येत राहिल्या म्हणून. समोरच्याला नोटीस, त्याचं म्हणणं, मुकादमाचं प्रतिज्ञापत्र, कुठल्या कारखान्याला किती दिवस होता त्याच्या चिठ्ठ्या. अर्ज मंजूर व्हायला २ वर्षं ४ महिने लागले, आणि वर २,००० रुपये खर्च समोरच्याला द्यायचा हुकूम. म्हणजे अपिलात काय दम आहे हे बघायला सुरुवात व्हायलाच एवढा काळ. मधल्या काळात दिरानं दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करा असा अर्ज, लावली आणि २०१४ च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, बेलिफानं ताबा दिला. वेळेत अपील केलं असतं तरी ताबा आपोआप थांबला नसता, हेही इथे सांगायला हवं. अपील दाखल होणं आणि स्टे, म्हणजे निकालाला स्थगिती, मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी. स्टे वेगळा मागावा लागतो. पण वेळेत गेलेला माणूस निदान पहिल्या आठवड्यात स्टे मागू शकतो. या बाईंचं अपील दाखल करून घ्यायचं की नाही, हाच प्रश्न दोन वर्षं चालला होता.

फौजदारीतली तऱ्हा आणखी वेगळी, आणि माझ्या मते जास्त जीवघेणी. गावात ‘जामीन झाला’ म्हणजे ‘सुटला’. एका टेम्पो चालवणाऱ्या मुलाला अपघाताच्या केसमध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली. तो आधीपासून जामिनावर होता. अशा वेळी शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपीनं अपील करायचं सांगितलं, तर काही खास कारण नसल्यास तेच न्यायालय अपील करण्यापुरता जामीन देतं. तसा त्याला मिळाला. आई कोर्टाच्या दारात पेढे वाटत होती. मीही एक खाल्ला, केस मला माहीत नव्हती. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात जायला ३० दिवस असतात, ते पेढ्यांच्या आनंदात निघून गेले. दीड महिन्यानं पोलीस शिक्षेचं वॉरंट घेऊन घरी आले तेव्हा त्या माउलीला कळलं की केस मिटलेली नव्हती. मग मुलगा जेलमध्ये, आणि बाहेर विलंब माफीच्या अर्जाची तयारी. त्यांना निकालपत्राची प्रत मिळालेली होती. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला ती निकालाबरोबर लगेच आणि फुकट द्यायची असते. पण ती इंग्रजीत होती, आणि तिच्यात अपिलाबद्दल एक अक्षर नव्हतं. १९९८ साली राज्य सरकारनं मराठी ही जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा ठरवली. आज सत्तावीसहून अधिक वर्षं झाली, तरी निकालपत्र हातात घेऊन ‘यात काय लिव्हलंय?’ असं खिडकीशी विचारणारी माणसं मी निवृत्त होईपर्यंत येतच होती.

सत्र न्यायालयानं शिक्षा दिली तर उच्च न्यायालयात जायला ६० दिवस मिळतात. फाशीची शिक्षा असेल तर फक्त ३०. जो माणूस आत आहे त्यानं हा हिशोब कसा ठेवायचा? त्याच्यासाठी कायद्यानं एक चांगली वाट ठेवलेली आहे: तो आपला अपिलाचा अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकांकडे देऊ शकतो, आणि अधीक्षकांनी तो योग्य न्यायालयाकडे पाठवायचा असतो. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. घरचे लोक मात्र ‘वकिलाची फी जमली की बघू’ म्हणत महिनोन्महिने थांबतात.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो.

माहितीचा अधिकार २००५ साली आला. मी कोर्टात होतो तरी बाहेर लोकांचे माहिती अर्ज भरून द्यायचो, अजूनही देतो. त्या कायद्याच्या कलम ७ च्या पोटकलम ८ मध्ये एक साधी तरतूद आहे. माहिती अधिकाऱ्यानं अर्ज फेटाळला, तर त्यानं अर्जदाराला तीन गोष्टी कळवल्याच पाहिजेत: का फेटाळला, अपील किती दिवसांत करता येईल, आणि ते कुणाकडे करायचं. म्हणजे ग्रामपंचायतीच्या एका गटाराच्या बिलाची झेरॉक्स नाकारली, तर सरकार आपल्याला लेखी सांगतं की ३० दिवसांत अमुक अधिकाऱ्याकडे जा. आणि दिवाणी न्यायालय एखाद्याची सगळी जमीन दुसऱ्याच्या नावे करतं, त्या निकालपत्राच्या शेवटी असतं: ‘दावा खर्चासह मंजूर’. खाली सही, तारीख, शिक्का. पुढे कुठे जायचं, किती दिवसांत, काही नाही.

फौजदारी कायद्यात ही जाण थोडीशी आहे. फाशीची शिक्षा दिली आणि अपिलाचा हक्क असेल, तर न्यायालयानं आरोपीला अपिलाची मुदत सांगितली पाहिजे, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६३ मध्ये लिहिलेलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४०४ मध्ये आलं. म्हणजे ‘मुदत सांगणं हे न्यायालयाचं काम आहे’ हे तत्त्व मान्य आहेच. ते फाशीपाशी का थांबवलं, एवढाच माझा प्रश्न आहे. सहा महिन्यांची शिक्षा झालेल्या टेम्पोवाल्याला आणि जमीन गेलेल्या विधवेला ते का सांगायचं नाही?

एका वकीलसाहेबांशी यावर बोललो. चांगले गृहस्थ, गरिबाच्या केसेस फी न घेता लढवलेले. ते म्हणाले, “उद्या शिरस्तेदारानं चुकीची मुदत लिहिली तर? पक्षकार त्यावर विसंबून राहील आणि बुडेल, मग जबाबदार कोण?” हरकत खरी आहे. काही ठिकाणी मुदतीचा गुंता आहेच. कुटुंब न्यायालयाचंच बघा. कुटुंब न्यायालय कायदा म्हणतो ३० दिवस, हिंदू विवाह कायद्यात २००३ साली दुरुस्ती होऊन ९० दिवस आले, आणि कुठली मुदत धरायची हे ठरवायला आपल्या मुंबई उच्च न्यायालयाला जास्त न्यायाधीशांचं पूर्णपीठ बसवावं लागलं. त्यांनी ९० धरली. तिथे कारकुनानं काय लिहायचं? पण म्हणून सरसकट काहीच लिहायचं नाही, हे मला पटत नाही. तालुक्याच्या कोर्टातले बहुसंख्य निकाल साधे असतात. त्यांत शेवटची तारीख लिहूच नये. फक्त कुठल्या न्यायालयात, किती दिवसांत, आणि नक्कल लगेच मागा, एवढं छापावं. मोजणी पक्षकार आणि त्याचा वकील करतील. आणि चूक झालीच, तर न्यायालयाच्याच कागदावर विसंबून उशीर झाला हे विलंब माफीसाठी उसाच्या फडापेक्षा पुष्कळ भक्कम कारण होईल.

यासाठी दिल्लीला नवा कायदा करायची गरज नाही असं मला वाटतं. खालच्या न्यायालयांचं कामकाज कसं चालावं याची दिवाणी आणि फौजदारी मॅन्युअल उच्च न्यायालयानंच घालून दिलेली आहेत. नकलेच्या मागे तीन तारखा मारायच्या तसा चौथा शिक्का मारायचा. परिपत्रक निघालं तर आठवड्यात शिक्के तयार होतील. ते काम मी स्वतः केलेलं आहे म्हणून सांगतो, एका नकलेमागे पाच सेकंद लागतात. आणखी एक: अर्जावर मोबाईल नंबर आता लिहून घेता येतो, तर नक्कल तयार झाल्याचा मराठी मेसेज पक्षकाराच्या नंबरवर जावा. फडावरच्या बाईला मेसेज आला असता तर तिनं भावाला पाठवलं असतं.

कोणी म्हणेल, मुदत उलटली तरी कोर्ट माफ करतंच की. करतं, हे खरं. मुदतीच्या कायद्याचं कलम ५ त्यासाठीच आहे. १९८७ साली काश्मीरमधल्या अनंतनागच्या भूसंपादनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक दिवसाच्या उशिराचा खुलासा द्या, याचा अर्थ हट्टानं लावू नका. तसं म्हटलं तर प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा का नको? तो निकाल मी पहिल्यांदा टाइप केला तेव्हा बरं वाटलं होतं. पण तिथला उशीर चार दिवसांचा होता आणि उशिरा आलेलं होतं सरकार. पुढे २०१२ साली टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला त्याच न्यायालयानं नकार दिला. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली ही सबब सरकारला चालणार नाही, असं सुनावलं. मला ते योग्यच वाटलं. सरकारकडे वकील आहेत, कायदा खातं आहे. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्यानं मात्र माफीवर अवलंबून राहू नये. माफी न्यायाधीशांच्या मर्जीवर असते. मागून मिळाली तरी तिच्यासाठी वर्षं मोजावी लागतात.

आणि मनात आणलं तर व्यवस्था सगळ्यांसाठी विचार करू शकते, हे आपण करोनात पाहिलं. सर्वोच्च न्यायालयानं आपणहून १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ साऱ्या देशासाठी मुदतीतून वगळला. माझी खिडकी तेव्हा बंद होती, आणि बंद खिडकीमुळे कोणाचं अपील बुडणार नाही हे वाचून मला खरोखर हायसं वाटलं होतं.

आता वाचकांसाठी थोडं, कारण परिपत्रक निघेल तेव्हा निघेल. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी मुदतीतून वजा होत नाही. शेवटचा दिवस सुट्टीत येत असेल तरच कोर्ट उघडल्याच्या दिवशी दाखल करता येतं. मोबाईलवर उतरवून घेतलेलं निकालपत्र वाचायला उपयोगी आहे, पण ती खरी नक्कल नव्हे. नकलेचा रीतसर अर्जच केला नाही, तर वगळून मिळायला दिवसच नाहीत. अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा, वकिलाचा विचार नंतर झाला तरी चालेल. फेरफाराचा निकाल तहसील पातळीवरून विरुद्ध गेला असेल तर तिथे मुदतीचा कायदा नव्हे, जमीन महसूल संहिता बघायची. प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपिलाला ६० दिवस असतात. दिवाणी प्रकरणात थेट उच्च न्यायालयात जायचं असेल, पहिलं अपील असो वा दुसरं, तर ९० दिवस. वकिलाची फी नसेल म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना, अपंगांना आणि कोठडीत असलेल्यांनाही. तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, फोन १५१००. या बाईंना तो वकील पहिल्या दिवसापासून मिळू शकला असता. तेही त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि त्या ‘कोणी’त मी आहे.

त्या एप्रिलनंतर मी एक पुठ्ठा घेऊन स्केच पेननं मजकूर लिहिला आणि खिडकीच्या उजव्या अंगाला लावला. वरिष्ठांनी पाहिला, काही बोलले नाहीत. सात वर्षं तो तिथे होता. भिंतींना रंग दिला तेव्हा निघाला, आणि पुढे माझीच निवृत्ती आली. मजकूर असा होता:

‘निकाल विरुद्ध गेला असल्यास आजच नकलेचा अर्ज द्या. येथील दिवाणी व फौजदारी निकालावर वरच्या कोर्टात अपिलास साधारण ३० दिवस असतात. नक्कल तयार झाली की दिवस पुन्हा सुरू होतात, तुम्ही घेऊन गेल्यावर नव्हे. जामीन म्हणजे सुटका नव्हे. गावाला किंवा फडावर जाणार असाल तर नक्कल नेण्यासाठी दुसऱ्या माणसाचे नाव लिहून द्या.’

कोणाला हा आपल्या तालुक्याच्या खिडकीपाशी लावावासा वाटला तर कापून लावावा. अक्षर मोठं काढावं, आणि फार उंच लावू नये. आमच्याकडे येणारी बरीच माणसं खिडकीशी उकिडवी बसूनच वाट बघतात.

आपला,
नक्कल विभागातील एक निवृत्त लिपिक
(बीड जिल्हा)